दानात आलेल्या पिशव्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवरील बंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 रोजी निघाली. साठा संपवण्याची मुदत वाढत गेली आणि 23 जूनपासून प्रत्यक्ष दंड सुरू झाला. बंदीच्या काळात सोसायट्या, शाळा किंवा बचत गट घरोघरच्या वापरण्याजोग्या पिशव्या गोळा करून भाजीवाल्यांना आणि ग्राहकांना वाटू शकतात. काम सोपे आहे, पण कोणती पिशवी घ्यायची आणि कोणती नाकारायची, इथेच गडबड होते.

सर्वांत जास्त फसवते ती साड्यांच्या दुकानात किंवा लग्नसमारंभात मिळणारी रंगीत 'नॉन-वोव्हन' पिशवी. ती कापडी समजून हौसेने दान केली जाते. प्रत्यक्षात ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. तिचे तंतू विणलेले नसून उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले असतात. 2018 च्या अधिसूचनेत तिच्यावरही बंदी होती. 2022 मध्ये राज्याने दर चौरस मीटरला 60 ग्रॅम (जीएसएम) किंवा त्याहून अधिक वजनाच्या नॉन-वोव्हन पिशव्यांना सूट दिली. शंका आली तर कडेचा छोटा तुकडा जाळून पाहावा: सुताची राख होते, प्लास्टिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

'जाड प्लास्टिक चालते' हा दुसरा समज. केंद्राच्या नियमांनुसार 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या 31 डिसेंबर 2022 पासून देशभर बंद आहेत. त्यावरून त्याहून जाड पिशवी सगळीकडे चालते, असा अर्थ काढला जातो. राज्याचा नियम मात्र केंद्रापेक्षा कडक असू शकतो. महाराष्ट्राच्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर, तिला बंद असोत वा नसोत, जाडी न पाहता बंदी घातली. वापर आणि विक्रीबरोबर साठवणूकही त्यात आली. दंड पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000 रुपये. तिसऱ्या वेळी 25,000 रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दानात आलेल्या अशा पिशव्यांचे गठ्ठे सोसायटीच्या कार्यालयात ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. त्या लगेच पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्याव्यात.

दान कमी पडले की नव्या सुती पिशव्या छापून घ्यायच्या, ही पद्धत रुळलेली आहे, आणि सुती म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक असे त्यात गृहीत धरलेले असते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या 2018 च्या अभ्यासानुसार, केवळ हवामानबदलाच्या निकषावर साधी सुती पिशवी निदान 52 वेळा वापरली तरच ती पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापसाला लागणारे पाणी, खते आणि वीज हे त्याचे कारण. हाच आकडा दाखवून 'मग प्लास्टिकच बरे' असे म्हणणारेही आहेत. तेही चूक आहे, कारण रस्त्यावर, नाल्यात फेकलेल्या पिशव्यांचा हिशेब त्या अभ्यासात नाही. मुंबईत 26 जुलै 2005 च्या पुरानंतर चर्चा झाली ती नेमकी नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांची. जुनी साडी, चादर किंवा पँट यांतून शिवलेल्या पिशवीसाठी मात्र नवा कापूस लागत नाही. मोहिमेचा खरा फायदा इथे आहे.

वापरलेली पिशवी अस्वच्छ असते, ही तक्रार निराधार नाही. अमेरिकेत ग्राहकांच्या 84 पिशव्या तपासल्या, तेव्हा सुमारे निम्म्या पिशव्यांत कोलिफॉर्म जिवाणू सापडले. धुतल्यावर जिवाणूंचे प्रमाण 99.9 टक्क्यांहून अधिक घटले. मासळी-मटणाची पिशवी वेगळी ठेवली की उरलेली भीतीही जाते.

'कंपोस्टेबल' छाप असलेली पिशवी कुठेही टाकली तरी विरघळते, हाही भ्रमच. तिला औद्योगिक खतप्रकल्पातील उष्णता लागते. ती पुन्हापुन्हा वापरण्यासाठी नसतेच, त्यामुळे तिला या संकलनात जागा नाही.

राहिला संख्येचा गैरसमज. किती पिशव्या जमल्या, यावर मोहिमेचे यश मोजले जाते, पण वाटलेली पिशवी घरातल्या खुंटीवरच राहिली तर दुकानात पुन्हा नवी मागितली जाते. भाजीवाल्याकडे पिशव्यांची टोपली ठेवून 'न्या आणि परत आणा' अशी सोय करणे अधिक उपयोगी. दान करणाऱ्यांनी पिशवी धुऊन, वाळवून, बंद पक्के शिवूनच द्यावी.