गार पाण्याने अंगावर गांधी उठतात? 'सवय' घरच्या घरी करू नका



पौषातली पहाट. हौदाच्या गार पाण्यात हात घालून धुणं उरकलं, की काहीजणींचे हात खाजायला लागतात. कपडे वाळत घालेपर्यंत कोपरापर्यंत लाल गांधी! घरातलं कुणी म्हणतं, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव." कुणी म्हणतं, "रोज गार पाण्याने आंघोळ कर, अंगाला सवय होईल." या दुसऱ्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण धोकाही मोठा आहे.

हे नेमकं काय?
हे पोटातलं पित्त नव्हे. आपल्या कातडीत काही पेशी असतात. गारवा लागला की काहींच्या अंगात त्या हिस्टामिन नावाचा पदार्थ सोडतात. त्यामुळे खाज, सूज आणि गांधी येतात. बर्फ किंवा थंड सरबताने ओठ, जीभही सुजू शकते. गार आमसुलाचं पाणी लावलं तर उलट त्रास वाढू शकतो.

ओळखायचं कसं?
दवाखान्यात हातावर पाच मिनिटं बर्फ ठेवतात. काढल्यावर दहा मिनिटांत तिथे गांध उठली, तर निदान बहुधा पक्कं होतं. ही तपासणी घरी करू नका.

'सवय' लावण्याचा उपचार
याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. यात डॉक्टरांच्या नजरेसमोर अंगाचा थोडा भाग आधी कमी गार पाण्यात ठेवतात. मग हळूहळू पाणी जास्त गार आणि अंगाचा भाग जास्त, असं वाढवत नेतात. त्रास झालाच तर इंजेक्शन हाताशी असतं. शरीर गारवा सोसू लागलं, की पुढे घरी रोज गार पाण्याने आंघोळ करावी लागते. त्यात एक-दोन दिवस जरी खंड पडला, तरी कमावलेली सवय जाऊ शकते. रोजचं हे बंधन जमत नाही, म्हणून बरेच जण उपचार मध्येच सोडतात. त्यामुळे सगळ्यांना हा मार्ग सुचवत नाहीत.

घरी का नको?
सगळं अंग एकदम गार पाण्यात गेलं, तर रक्तदाब झपकन उतरू शकतो, घसा सुजतो, माणूस बेशुद्ध पडतं. विहिरीत किंवा नदीत असं झालं तर बुडण्याची भीती. असा त्रास असलेल्या मुलांना एकट्याने पोहायला सोडू नका.

मग काय करायचं?
• पहिला उपचार म्हणजे ॲलर्जीची गोळी. डोस डॉक्टर ठरवतील, आपण वाढवू नका. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर आधी सांगा.
• धुण्या-भांड्याला कोमट पाणी घ्या. पहाटे शेतात जाताना हातमोजे, कानाला रुमाल. भिजलात तर कपडे लगेच बदला.
• ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा त्रास आवर्जून सांगा.
• श्वास अडला, चक्कर आली, जीभ सुजली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

बऱ्याच जणींचा हा त्रास काही वर्षांत आपोआप कमी होतो. तोवर "नाजूक आहे, कामाला नको म्हणते" असं कुणी म्हटलं, तर हा लेख वाचून दाखवा. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, "गार पाण्याने कुणाला गांधी उठतात का?" एखादी तरी हात वर करेल. तिला दवाखान्यात एकटी पाठवू नका, सोबत जा.