अंतिम सामन्याची तयारी : कबड्डीच्या मैदानावरील गणित

शाळेचा कबड्डीचा संघ निवडायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपल्यात सर्वांत चांगले खेळाडू कोण? प्रश्न योग्यच आहे. परंतु अंतिम सामना जवळ आला की तो अपुरा पडतो. आता समोर कोण उभे राहणार हे ठाऊक झालेले असते. त्यांची ताकद कशात आहे, ते कोठे कच्चे आहेत आणि आपल्याविषयी त्यांना काय माहीत आहे, हे पाहिल्याखेरीज ‘चांगला खेळाडू’ या शब्दांना नेमका अर्थ येत नाही. शिवाय उरलेल्या थोड्या दिवसांत सराव कशाचा करायचा? आपल्या हुकमी डावाचा, की जो डाव नीट जमत नाही त्याचा? या प्रश्नाला गणित जे उत्तर देते ते अनेकांना चकित करील. ते समजून घेण्यासाठी आधी एक खरा अंतिम सामना पाहू.

टाकळीभानचा कर्णधार

१ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटण आणि हरियाणा स्टीलर्स हे दोन संघ समोरासमोर होते. पुण्याचा कर्णधार होता अस्लम इनामदार. तो अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील, श्रीरामपूर तालुक्याच्या टाकळीभान या गावचा.

या सामन्याला एक पार्श्वभूमी होती. आदल्या हंगामातही पुण्याने अंतिम फेरी गाठली होती. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या त्या सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने पुण्यावर ३३-२९ अशी मात केली. अस्लम आणि मोहित गोयत हे पुण्याचे दोन प्रमुख चढाईपटू दुखापतीमुळे त्या दिवशी मैदानात नव्हते. हातातोंडाशी आलेले विजेतेपद चार गुणांनी गेले. तेव्हा दुसऱ्या संधीची तयारी कशी करायची, हा प्रश्न पुण्यापुढे होता.

या तयारीची सुरुवात खेळाडूंच्या लिलावात झाली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून कबड्डीचे सुवर्णपदक जिंकले. भारताच्या संघात अस्लम होता, तर इराणच्या संघात महंमदरझा शादलुई हा कोपरारक्षक होता. त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ व १० ऑक्टोबरला, मुंबईत लिलाव झाला आणि पुण्याने त्याच शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना आपल्या संघात घेतले. पूर्ण संघासाठी प्रत्येकाला मर्यादा होती ५ कोटींची! एवढी रक्कम एकाच बचावपटूवर का लावली असेल? अस्लम, मोहित आणि पंकज मोहिते असे तीन चढाईपटू पुण्याकडे आधीच होते. पूर्वीचा कर्णधार फझल अत्राचली हा भक्कम बचावपटू मात्र संघाबाहेर गेला होता. भगदाड तेथे होते.

त्याच लिलावात सर्वांत महाग ठरला तो भारताचा कर्णधार पवन सेहरावत. तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६०.५ लाख रुपये मोजले. त्या हंगामात पुण्याने २२ साखळी सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, २ गमावले आणि बारा संघांत पहिला क्रमांक मिळवला. तेलुगू टायटन्सला २२ पैकी फक्त २ विजय मिळाले व तो संघ शेवटचा आला. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. पण एवढे खरे, की उत्तम खेळाडू आणि उत्तम संघ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

श्रेष्ठ कोण? कोणापुढे?

अंकगणितात ७ हा ५ पेक्षा मोठा आणि ५ हा ३ पेक्षा मोठा असेल, तर ७ हा ३ पेक्षा मोठा असतोच. अशा संबंधाला संक्रामक संबंध म्हणतात. खेळात मात्र हे नेहमी खरे नसते. अ ने ब ला हरवले, ब ने क ला हरवले, आणि क ने अ ला हरवले, असे सर्रास घडते.

याचा अगदी स्वच्छ नमुना तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीच्या एका खेळात सापडतो. पोकेमॉन हा खेळ १९९६ साली जपानमध्ये निघाला. त्यातील प्राण्यांचे आज १८ प्रकार आहेत. अग्नी वनस्पतीवर भारी, पाणी अग्नीवर भारी, आणि वनस्पती पाण्यावर भारी, असे हे वर्तुळ आहे. वरचढ प्रकाराचा मार दुप्पट बसतो, दुबळ्याचा निम्मा. मग सर्वांत श्रेष्ठ कोण? या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘कोणापुढे?’ असे उलट विचारावे लागते.

या खेळाचे हौशी खेळाडू ‘ड्राफ्ट लीग’ नावाची स्पर्धा खेळतात. तिची रचना कबड्डीच्या लिलावाशी फार जुळते. प्रत्येक प्राण्याला गुणांत किंमत असते, प्रत्येक स्पर्धकाला खर्चाची मर्यादा असते, आणि पाळीपाळीने निवड होते. एकाने घेतलेला प्राणी दुसऱ्याला मिळत नाही. सामन्यापूर्वी दोघांनाही एकमेकांची पूर्ण यादी ठाऊक असते. समजा, यादीत १० प्राणी आहेत व त्यांतून ६ उतरवायचे आहेत. अशा निवडी २१० प्रकारे करता येतात. कबड्डीत संघातील १२ जणांतून ७ जण मैदानात उतरवायचे तर ७९२ प्रकार होतात. अंतिम सामन्याची तयारी म्हणजे या शेकडो निवडींतून समोरच्या एका प्रतिस्पर्ध्यासाठी योग्य ती शोधणे. मुरलेले स्पर्धक प्रथम शोधतात ते आपले शस्त्र नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या यादीतील कोणत्या प्राण्याला आपल्याकडे उत्तर नाही, हे ते आधी पाहतात.

चढाईपटू आणि कोपरारक्षक

आता कबड्डीकडे परत येऊ आणि थोडे गणित करू. एका चढाईपटूकडे दोन डाव आहेत. पहिला डाव बोनसचा : समोर सहा किंवा सात गडी असताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच क्षणी दुसरा पाय हवेत ठेवायचा. दुसरा डाव गडी टिपण्याचा : हाताने किंवा पायाने बचावपटूला स्पर्श करून परतायचे. समोरच्या कोपरारक्षकापुढेही दोन मार्ग आहेत. बोनससाठी पाय पुढे येताच झेप घेऊन घोटा धरायचा, किंवा मागे राहून सावधपणे खेळायचे. दोघांनाही आपला निर्णय क्षणात घ्यावा लागतो.

समजा, या चढाईपटूच्या दर १० चढायांपैकी यशस्वी होणाऱ्या चढाया अशा आहेत :

बोनसचा डाव : झेपेपुढे २, सावध खेळापुढे ८.
टिपण्याचा डाव : झेपेपुढे ६, सावध खेळापुढे ४.

हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. त्यांतील ८ हा आकडा पाहून वाटेल, याने नेहमी बोनसच घ्यावा. पण दोन-तीन चढायांतच कोपरारक्षक हे ओळखेल, प्रत्येक वेळी झेप घेईल, आणि यश २ वर येईल. नेहमी टिपायचे ठरवले तर तो मागे राहील व यश ४ वर येईल. म्हणजे एकच डाव धरून बसणे दोन्हीकडून तोट्याचे. डाव मिसळले पाहिजेत. पण किती प्रमाणात?

बोनसचे प्रमाण क्ष मानू. टिपण्याचे प्रमाण १ – क्ष. कोपरारक्षकाने झेप घेतली तर सरासरी यश २क्ष + ६(१ – क्ष), म्हणजे ६ – ४क्ष. तो सावध राहिला तर ८क्ष + ४(१ – क्ष), म्हणजे ४ + ४क्ष. प्रतिपक्षाने काहीही केले तरी यश सारखेच राहावे अशी आपली इच्छा आहे. म्हणून ६ – ४क्ष = ४ + ४क्ष. यावरून क्ष = १/४, आणि सरासरी यश ५. चार चढायांत एकदा बोनस, तीनदा टिपणे, आणि क्रम मात्र ओळखता येणार नाही असा. मग कोपरारक्षकाने कितीही डोके चालवले तरी १० पैकी ५ चे यश तो कमी करू शकत नाही.

या विचाराचा पाया जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली घातला. पुढे १९४४ मध्ये त्याने ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासह या विषयावर ग्रंथ लिहिला आणि ‘खेळांचा सिद्धान्त’ ही गणिताची नवी शाखा सुरू झाली. खरे खेळाडू असे वागतात काय? २००३ साली पालासियोस-उएर्ता या अर्थशास्त्रज्ञाने फुटबॉलमधील १,४१७ पेनल्टी किक तपासल्या. व्यावसायिक खेळाडू डावी-उजवी बाजू जवळजवळ या सिद्धान्तानुसारच मिसळतात, असे त्याला आढळले.

सराव कशाचा?

आता मुख्य प्रश्न. अंतिम सामन्याला आठवडा उरला आहे. समजा, एवढ्या सरावात वरील चार आकड्यांपैकी कोणताही एकच आकडा २ ने वाढवता येतो. कोणता वाढवावा?

बहुतेक जण हुकमी डाव निवडतील : ८ चे १० करू! तर मग समीकरण होते ६ – ४क्ष = ४ + ६क्ष. क्ष = १/५ आणि यश ५.२. लाभ अगदी थोडा. आणि गंमत पाहा : बोनस अधिक धारदार झाला, पण तो वापरण्याचे प्रमाण १/४ वरून १/५ वर उतरले! कारण प्रतिपक्ष त्याच्यावर अधिकच टपून बसेल.

झेपेतून सुटण्याचा सराव करून २ चे ४ केले, तर यश सुमारे ५.३ होते. झेपेपुढे टिपण्याचे ६ चे ८ केले, तर ५.६. आणि सावध कोपरारक्षकाला टिपण्याचे ४ चे ६ केले तर? आता समीकरण ६ – ४क्ष = ६ + २क्ष असे होते. क्ष = ० आणि यश ६. सारा लाभ येथे आहे! प्रतिपक्ष ज्या कच्च्या जागेचा आधार घेत होता ती जागाच बुजली.

हा फरक किती मोठा आहे? कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा आणि चढाई ३० सेकंदांची. म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून ८० व एका संघाच्या सुमारे ४० चढाया. हिशेबाच्या सोयीसाठी सर्व चढाया आपल्या चढाईपटूसारख्याच मानू. हुकमी डाव घोटून ४० चढायांत १ यशस्वी चढाईदेखील वाढत नाही. कच्ची जागा सुधारली तर ४ वाढतात. प्रत्यक्षात आकडे निराळे असतील, आणि कित्येक चढाया काहीच न घडता संपतात. आकडे बदलले की कच्ची जागाही निराळी निघेल. पण ती शोधण्याची रीत हीच.

हैदराबादचा निकाल

पुण्याचे प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी वहीत अशी समीकरणे मांडली असतील, असे मुळीच म्हणायचे नाही. अनुभवी प्रशिक्षक हे मैदानावरूनच शिकतात. पण निकालात हे तत्त्व दिसते. पुण्याने तो सामना २८-२५ असा जिंकला. फरक अवघा तीन गुणांचा. पुण्याकडून सर्वाधिक ९ गुण कर्णधाराने मिळवले नाहीत. ते पंकज मोहितेने मिळवले, आणि त्यांतले ४ तर एकाच चढाईत. हरियाणाला एकट्या अस्लमवर टपून बसता आले नाही, कारण चढाईला जाणारे तिघे होते. २०२२ मध्ये दोघे दुखापतग्रस्त झाले तेव्हा जी उणीव भासली होती, ती या वेळी नव्हती. त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून अस्लमची, तर सर्वोत्तम बचावपटू म्हणून शादलुईची निवड झाली.

कथा येथे संपत नाही. पुढच्या लिलावात, ऑगस्ट २०२४ मध्ये, शादलुईला कोणी घेतले? पराभूत झालेल्या हरियाणाने! २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातील बालेवाडी येथे पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून हरियाणाचा संघ विजेता ठरला. आपल्या भिंतीत भगदाड कोठे आहे, हे त्यांनीही ओळखले होते.

तुम्हीही करून पाहा

तुमच्या शाळेच्या संघासाठी हा प्रयोग सहज करता येईल. एक वही घ्या. सरावाच्या सामन्यांत प्रत्येक चढाईची नोंद करा : डाव कोणता, बचाव कसा, यश की अपयश. शंभरएक नोंदी झाल्या की वरच्यासारखे चार आकडे मिळतील. बीजगणिताच्या तासाला शिक्षकांच्या मदतीने समीकरण सोडवा आणि प्रत्येक आकडा वाढवून उत्तर कसे बदलते ते पाहा. डावांचा क्रम ओळखता येऊ नये म्हणून तो मनाने ठरवू नका. चार चिठ्ठ्या करून, एकीवर ‘बोनस’ व तिघींवर ‘टिपणे’ लिहून, सामन्यापूर्वी क्रम काढून ठेवा. माणूस मनाने क्रम ठरवू लागला की नकळत अदलाबदल करीत जातो, आणि चाणाक्ष प्रतिस्पर्धी तेवढे हेरतो.

आणि सरावाला उतरताना जो डाव जमतो त्याच्याऐवजी जो जमत नाही त्याच्याकडे आधी वळा. त्यात टाळ्या कमी मिळतील, पण तीन गुणांचा सामना बहुधा तेथेच जिंकला जाईल.