मोटारीतील नैसर्गिक वायू : टाकी, झडप आणि कॅनडाची थंडी

गेल्या जानेवारीत माझा भाचा एक छायाचित्र घेऊनच माझ्याकडे आला. हॅमिल्टनजवळील एका आवारात एक जुनी व्हॅन विक्रीस होती. ती पेट्रोल व दाबयुक्त नैसर्गिक वायू, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातील सी.एन.जी., अशा दोहोंवर चालणारी होती. किंमत इतकी कमी होती की त्याने दोनशे डॉलर विसार देऊनही टाकला होता. "मावशी, एकच शंका आहे. टाकी पूर्ण भरली असे विकणारा सांगतो, पण काटा काही पूर्णावर जात नाही. टाकी गळत तर नसेल ना?"

त्याची शंका रास्त होती, परंतु ती चुकीच्या जागी होती, हे पुढे कळून आले. त्या निमित्ताने मी या यंत्रणेचा जो थोडाबहुत अभ्यास केला तो वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. मुंबईत आपल्यापैकी बहुतेकांनी या वायूवर चालणाऱ्या टॅक्सी-रिक्षांतून प्रवास केला आहे, वायू भरताना गाडीतून खाली उतरून उभेही राहिलो आहोत. पण डिकीतील त्या जाडजूड नळकांड्यात काय असते, याची चौकशी फारशी कोणी केलेली नसते.

प्रथम काट्याविषयी. घरगुती गॅसच्या सिलिंडरात एल.पी.जी. द्रवरूपात असतो व त्याचा दाब या मानाने फारच थोडा असतो. नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यत्वे मिथेन, साध्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणून तो वायुरूपातच ठासून भरावा लागतो. भारतात हा भरणदाब 200 बार असतो. उत्तर अमेरिकेत तो बहुधा दर चौरस इंचास 3,600 पौंड, म्हणजे सुमारे 248 बार, इतका ठेवतात. मोटारीच्या टायरातील हवेच्या शंभरपटींहून अधिक! परंतु हा आकडा 21 अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. आठवी-नववीत आपण शिकतो की आकारमान तेच राहिले तर तापमानाबरोबर वायूचा दाब उतरतो. उणे 20 अंशांत तीच पूर्ण भरलेली टाकी साध्या नियमानेच 3,100 पौंडांच्या आसपास दाब दाखवील, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. काटा वायूचे वजन मोजत नाही, दाब मोजतो. तेव्हा भाच्याची टाकी बहुधा भरलेलीच होती. दोष असलाच तर जानेवारीचा होता.

थंडीचा दुसरा पराक्रम रेग्युलेटरमध्ये दिसतो. टाकीतील वायू पोलादी नळीतून इंजिनाकडे येतो, पण इंजिनास तो इतक्या दाबाचा चालत नाही. रेग्युलेटर तो दाब अवघ्या काही बारांवर आणतो. अशा रीतीने एकदम पसरलेला वायू स्वतःच गारठतो. टाकी भरलेली असेल तर तापमान पन्नास अंशांहूनही अधिक उतरू शकते. वायूत थोडा जरी ओलावा असला तरी त्याचे बर्फ होऊन वाट बुजते. यावर उपाय फार सुंदर आहे: इंजिन थंड ठेवण्यासाठी जे गरम पाणी फिरते, त्याचीच एक वाट रेग्युलेटरभोवतून नेलेली असते. इंजिनास नकोशी झालेली उष्णता वायूस हवीहवीशी असते. म्हणूनच दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी थंडीत आधी पेट्रोलवर सुरू होते व पाणी तापल्यावर वायूवर जाते. मुंबईतही रेडिएटरमधील पाणी उतरले की रेग्युलेटरवर दंव धरते. मात्र तेथे ते निष्काळजीपणाचे लक्षण असते, येथे तो ऋतूच तसा असतो.

मधल्या भागांविषयी फार लिहीत नाही. भरण्याच्या तोंडाशी वायूस उलट येऊ न देणारी झडप असते. कॉम्प्रेसरचे तेल अडविणारा फिल्टर असतो. टाकीच्या मानेवर, इंजिन बंद होताच मिटणारी विजेची झडप असते, व शेजारी हाताने पाव फेरा फिरवून बंद करता येणारी. जुन्या गाड्यांत कार्बोरेटरवर एक मिक्सर बसवीत. आता प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र इंजेक्टर असतो व संगणक त्यांवर देखरेख ठेवतो.

कॅनडात हे सर्व नवे नाही. 1980 च्या दशकात केंद्र सरकारने गाड्या वायूवर वळविण्यासाठी अनुदाने दिली, आणि हॅमिल्टन शहराच्या बसगाड्यांत 1985 च्या सुमारास हा वायू आला. टोरोंटोच्या फ्युएलमेकर कंपनीने तर घरच्या वायूच्या नळावरून रात्रभरात गाडी भरणारे छोटे यंत्र काढले. मला ती कल्पना अजूनही मोहविते. ती कंपनी 2009 मध्ये दिवाळखोरीत निघाली. पुढे खासगी मोटारींचा उत्साह ओसरला, वायू भरण्याच्या अनेक जागा बंद झाल्या. जुन्या गाड्या मात्र आवारांतून उरल्या, आणि त्यांच्या टाक्याही.

आता खरा विषय टाकीचा. साधी टाकी अखंड पोलादाची. साठ लिटरच्या अशा टाकीचे स्वतःचे वजनच साठ किलोंच्या घरात जाते, आणि तीत 200 बार दाबाने वायू मावतो जेमतेम नऊ-दहा किलो. हे ओझे हलके करण्यासाठी धातूच्या, पुढे प्लॅस्टिकच्या अस्तरावर काचतंतू वा कार्बनतंतू गुंडाळण्याची रीत निघाली. कॅलगरीची डायनेटेक ही कंपनी ॲल्युमिनियमच्या अस्तरावर कार्बनतंतू गुंडाळलेल्या टाक्यांसाठी प्रसिद्ध होती. 2012 मध्ये ती लक्सफरने घेतली. अशी टाकी हलकी खरी, पण तिचे बळ त्या गुंडाळीत असते, आणि गुंडाळीस ओरखडा, दगड व रसायन यांचे वावडे. 1994 मध्ये अमेरिकेत वायूवरील ट्रकांच्या दोन टाक्या फुटल्या, त्याचे कारण काचतंतूंवर पडलेले आम्ल हे निघाले. येथील रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात. ते पोलादी टाकीस व तिच्या पट्ट्यांस खाते.

टाकीस एक शेवटची सोय असते. आगीने तापल्यास सुमारे शंभर-एकशेदहा अंशांना वितळणारी धातूची गुडदी मोकळी होते व टाकी फुटण्यापूर्वीच वायू निघून जातो. मिथेन हवेहून हलका असल्यामुळे तो उघड्यावर वर उडून जातो, हे भाग्यच. पण ही गुडदी तिच्यापाशी उष्णता पोहोचली तरच वितळते. 2007 मध्ये सिॲटल येथे जळत्या मोटारींतील एका गाडीची टाकी फुटली ती याचमुळे : आग टाकीच्या दुसऱ्या भागास लागली, गुडदीपर्यंत आच आलीच नाही.

म्हणून टाकीची तपासणी हवी. भारतात दर तीन वर्षांनी टाकी काढून पाण्याच्या दाबाने तपासावी लागते; त्या नियमांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरलाच आहे. उत्तर अमेरिकेत भर आहे तो जाणकाराने डोळ्यांनी बारकाईने पाहण्यावर, 36 महिन्यांतून एकदा, तसेच अपघात वा आग यांनंतर लगेच. आणि प्रत्येक टाकीवर एक पट्टी असते, तीवर टाकीच्या आयुष्याची अखेरची तारीख छापलेली असते. त्या तारखेनंतर ती तपासून वाढवून मिळत नाही. टाकी काढून निकामी करावी लागते.

मी भाच्यास एवढेच विचारले, "पट्टी वाचलीस का?" त्याने वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे हॅमिल्टनला गेलो. टाकी व्हॅनच्या तळाशी होती; त्याने बर्फात पाठीवर निजून विजेरीने पट्टी शोधली. वर्ष वाचावयास मला वाकावेही लागले नाही, त्याच्या गप्प बसण्यावरूनच कळले. मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. विकणारा म्हणाला, "रोज चालते आहे की!" आम्ही तेथूनच एका अधिकृत तपासनिसास दूरध्वनी केला. नव्या टाकीचा जो खर्च त्याने सांगितला, तो व्हॅनच्या किमतीहून अधिक होता.

विसाराचे दोनशे डॉलर परत मिळाले नाहीत. परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ बोलला नाही. ओकव्हिलपाशी आल्यावर म्हणाला, "मावशी, मुंबईत दादांची टॅक्सी आहे ना, तिची तारीख कोणी पाहिली असेल?" रात्री भारतात सकाळ होताच आम्ही दादांना फोन लावला.