जुन्याच संगणकावर नवे काम : व्हिडिओच्या धंद्यातील ‘प्रॉक्सी’ आणि उभ्या चित्राची सोय

लग्नाचे शूटिंग हा एकेकाळी फोटो स्टुडिओवाल्यांचा जोडधंदा होता. आज तो आपल्या अनेक तरुणांच्या पोटापाण्याचा मुख्य आधार झाला आहे. चांदूर बाजार, शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी, अचलपूर, परतवाडा या पट्ट्यात लग्नसराई लागली की कॅमेरावाल्याला उसंत नसते. आणि आता तर केवळ लग्ने नव्हेत. कापड दुकानदार, शिंपी, फर्निचरवाले, चपलांचे कारागीर, संत्र्याचे व्यापारी अशा सर्वांनाच आपल्या मालाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा असतो. सुरतेचा व्यापारी पूर्वी नमुन्यांची पेटी घेऊन माणूस पाठवीत असे. आज तो साडीचा व्हिडिओ सरळ मोबाइलवर पाठवतो. हे लोण तालुक्याच्या बाजारापर्यंत आले आहे आणि ते परत जाणारे नाही.

प्रश्न आहे तो भांडवलाचा. नवे कॅमेरे आणि मोबाइल ‘फोर-के’ दर्जाचे चित्र काढतात. ते जुन्या संगणकावर उघडले की चित्र अडकत अडकत चालते, आवाज पुढे आणि तोंड मागे राहते. मग विक्रेता सांगतो की संगणकच बदला. ताकदवान नवा संगणक म्हणजे रक्कम लाखाच्या घरात जाते. तेवढे पैसे हाताशी नसले की हप्ते आले, हप्त्यांबरोबर व्याज आले आणि दोन लग्नसराया केवळ फेडण्यात गेल्या. या खर्चात पडण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. व्हिडिओ जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्येच आता अशी सोय आहे की जुन्या संगणकावरही हे काम बहुतांशी निभावते. तिचे नाव ‘प्रॉक्सी’.

प्रॉक्सी म्हणजे काय?

आपण कापडवाले हे लवकर समजू शकतो. गिऱ्हाइकाकडे जाताना आपण शंभर तागे खांद्यावर नेत नाही. प्रत्येक ताग्याचा बोटभर तुकडा कापून नमुन्याच्या पुस्तकात चिकटवतो, त्यावर नंबर घालतो आणि ते पुस्तक नेतो. पसंती पुस्तकावर होते, माल मात्र गोदामातल्या ताग्यातून कापला जातो. प्रॉक्सी हे असेच नमुन्याचे पुस्तक आहे. सॉफ्टवेअर मूळ चित्रणाची एक लहान, हलकी नक्कल तयार करते. कापणे, जोडणे, गाणे बसवणे हे सारे काम त्या नकलेवर होते. शेवटी तयार फिल्म बाहेर काढताना सॉफ्टवेअर नक्कल बाजूला ठेवून त्या त्या जागी मूळ चित्रण वापरते. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हाती जाणारी फिल्म पूर्ण दर्जाचीच असते.

हिशेब पाहा. फोर-के चित्र ३८४० × २१६० ठिपक्यांचे असते, म्हणजे एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके. आणि अशी चित्रे सेकंदाला २५ किंवा ३० येतात. प्रॉक्सी ९६० × ५४० ची केली तर ठिपके सुमारे ५ लाख १८ हजार होतात, म्हणजे बरोबर सोळावा हिस्सा. दुसरे असे की, आजचे मोबाइल जागा वाचवण्यासाठी ‘एच.२६५’ नावाच्या पद्धतीने चित्र दाबून ठेवतात. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. मागच्या-पुढच्या चित्रांपेक्षा काय बदलले तेवढेच बहुधा लिहिलेले असते. एक चित्र दाखवण्यासाठी संगणकाला आजूबाजूची अनेक चित्रे आधी उलगडावी लागतात. जुना संगणक दमतो तो मुख्यतः येथे. प्रॉक्सी सोप्या पद्धतीने साठवली की ही दमछाक थांबते.

ही युक्ती नवी नाही

सिनेमाच्या धंद्यात ही पद्धत फार जुनी आहे. फिल्मची मूळ निगेटिव्ह जपून ठेवत आणि तिच्यावरून काढलेल्या साध्या प्रिंटवर संकलक कात्री चालवत. काम पक्के झाल्यावर काठावरच्या नंबरांवरून निगेटिव्ह कापली जाई. १९८९ साली अमेरिकेत ‘अ‍ॅव्हिड’ ही संगणकावर संकलन करणारी यंत्रणा बाजारात आली, तेव्हाही संगणकाची ताकद कमी असल्यामुळे हलक्या दर्जाच्या नकलेवरच काम करावे लागे. फरक एवढाच की तेव्हा हा प्रकार मोठ्या स्टुडिओंना परवडे. आज तो घरच्या संगणकावर आला आहे.

आपल्या महाराष्ट्रातच मालेगावचे उदाहरण आहे. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० सालच्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. गावातलेच लोक नट झाले आणि सारा खर्च सुमारे ५० हजार रुपयांत भागवला गेला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला. त्यातला नायक शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा मजूर होता. या मंडळींवर फैझा अहमद खान यांनी काढलेला माहितीपट २०१२ साली चित्रपटगृहांत लागला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर प्रदर्शित झाला. त्या काळी लहान गावात संकलन म्हणजे दोन व्हीसीआर शेजारी ठेवणे, एकावर कॅसेट चालवणे आणि हवा तेवढा भाग दुसऱ्यावर उतरवून घेणे. मध्येच चूक झाली तर तिथून पुढचे सारे पुन्हा करावे लागे आणि प्रत्येक नकलेला चित्र अधिक फिके होई. ज्यांनी तशा साधनांवर सिनेमे उभे केले, त्यांच्याच महाराष्ट्रात आज आपल्या मुलाने ‘संगणक नवा नाही’ म्हणून हात बांधून बसावे, हे पटत नाही.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

आपल्याकडे चोरीचे सॉफ्टवेअर सर्रास चालते. कोणीतरी पेनड्राइव्हवर देतो, पासवर्ड तोडलेला असतो आणि त्याच्याबरोबर व्हायरसही येतो. एखाद्याच्या लग्नाचे सारे चित्रण त्यात गेले तर भरपाई कशाने करणार? पुन्हा दुसऱ्याच्या मेहनतीचा माल फुकट वापरणे हेही व्यापाऱ्याला शोभत नाही. आता तर त्याची गरजही उरलेली नाही, कारण कायदेशीर आणि मोफत अशी चांगली साधने हजर आहेत.

‘शॉटकट’ हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते. त्यात २०२० च्या जूनपासून प्रॉक्सीची सोय आहे. ‘केडेनलाइव्ह’ हेही मोफत असून त्यात ही सोय त्याच्याही आधीपासून आहे. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचे ‘दा विंची रिझॉल्व्ह’ सिनेमावालेही वापरतात आणि त्याची मोफत आवृत्ती लहान धंद्याला पुरून उरते. मात्र त्याला ग्राफिक कार्ड बरे लागते. २०२२ साली आलेल्या त्याच्या अठराव्या आवृत्तीबरोबर प्रॉक्सी तयार करणारे वेगळे साधनच दिले गेले. एका फोल्डरवर नजर ठेवून ते आपोआप नकला करत राहते. पैसे भरून घेण्याच्या ‘अ‍ॅडोबी प्रीमियर प्रो’मध्ये प्रॉक्सीची पद्धत २०१६ पासून आहे.

एक व्यावहारिक सूचना. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो. लग्नाचे चित्रण असेल तर काही तास. हे काम रात्री लावून द्यावे आणि आपल्याकडच्या विजेचा भरवसा पाहता संगणक इन्व्हर्टरवर ठेवावा. सकाळी चहानंतर बसले की काम सरळ चालते.

उभे चित्र आणि कापडाचा पन्हा

दुसरी सोय उभ्या व्हिडिओची. २०२० च्या जूनमध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली. लगेच जुलैत इन्स्टाग्रामने ‘रील्स’ आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ भारतात सुरू केले. गिऱ्हाईक मोबाइल उभा धरतो, म्हणून चित्रही उभे हवे. टीव्हीचे चित्र १६ : ९ असते, तर याचे माप ९ : १६, म्हणजे १०८० × १९२०. शॉर्ट्सची मर्यादा आधी ६० सेकंद होती. १५ ऑक्टोबर २०२४ पासून ती ३ मिनिटे झाली.

सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याप्रमाणे सोयी दिल्या. प्रीमियर प्रोमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात ‘ऑटो रीफ्रेम’ आले. आडव्या चित्रातील हलणारी व्यक्ती ओळखून ते उभी चौकट तिच्यामागे फिरवते. दा विंची रिझॉल्व्हने २०२२ च्या अखेरीस उभ्या व चौकोनी व्हिडिओची मापे तयारच दिली. शॉटकटमध्येही उभे माप निवडता येते.

पण येथे शिंप्याचा विचार करावा लागतो. पन्हा अरुंद असेल तर अंगरखा बसत नाही. साध्या १९२० × १०८० च्या आडव्या चित्रातून उभी पट्टी कापली तर तिची रुंदी जेमतेम ६०७ ठिपके भरते. दोन तृतीयांशांहून अधिक चित्र कात्रणात जाते आणि उरलेले ताणून मोठे केल्याने धूसर दिसते. तेच चित्रण फोर-केमध्ये केले असेल तर उभ्या पट्टीची रुंदी १२१५ ठिपके मिळते, म्हणजे लागणाऱ्या १०८० पेक्षा थोडी जास्तच. एकाच शूटिंगमधून टीव्हीसाठी आडवी फिल्म आणि मोबाइलसाठी उभी रील, दोन्ही स्वच्छ निघतात. म्हणून फोर-केचा खटाटोप. आणि फोर-के जुन्या संगणकावर चालवायचे म्हणून प्रॉक्सी. या दोन सोयी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात.

आपोआप चौकट फिरवणाऱ्या यंत्रावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. ते चेहऱ्यामागे जाते. साडीच्या व्हिडिओत चेहरा मध्ये येतो आणि ज्याचे पैसे मिळायचे तो काठ आणि पदर चौकटीबाहेर राहतो. दुकानाच्या मालासाठी चौकट हातानेच लावावी. भाव आणि दुकानाचे नाव अगदी खाली लिहू नये. तेथे त्या अ‍ॅपची बटणे आणि मजकूर येतो. चित्राच्या मधल्या भागात लिहावे. आणि पार्टीला फिल्म पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखी न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जात नाही.

घरबसल्या रोजगार

प्रॉक्सीचा आणखी एक फायदा आपल्या समाजाच्या दृष्टीने मोलाचा आहे. समजा, लग्नाचे सहा तासांचे चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट दराने झाले. तासाला ४५ जीबी, म्हणजे एकूण २७० जीबी झाले. त्याची ५ मेगाबिट दराची प्रॉक्सी केली तर सारे १३.५ जीबीत बसते. ते १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते. घरी बसून काम करू इच्छिणारी मुलगी, दुसऱ्या गावी शिकणारा भाऊ हे त्यावर संकलन करू शकतात. परत पाठवायची असते ती फक्त प्रोजेक्टची लहानशी फाइल. दुकानातल्या संगणकावर मूळ चित्रणाशी ती जोडली की फिल्म तयार. शिकलेल्या पण बाहेर जाऊन नोकरी करणे न जमणाऱ्या कितीतरी मुली आपल्या घरांत आहेत. शिवणयंत्राइतकेच हेही हुन्नर त्यांच्या हाती देता येईल.

सावधगिरी

१) प्रॉक्सी म्हणजे राखीव प्रत नव्हे. नमुन्याचे पुस्तक हाती आहे म्हणून कोणी गोदाम जाळत नाही. जागा करण्यासाठी मूळ चित्रण पुसले तर पूर्ण दर्जाची फिल्म पुन्हा कधीच निघणार नाही. मूळ चित्रण दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावे.

२) मूळ फाइलचे नाव किंवा फोल्डर काम चालू असताना बदलू नये. ताग्याचा नंबर पुसला की नमुन्यावरून माल सापडत नाही, तसेच येथे होते.

३) फिल्म बाहेर काढताना प्रॉक्सी वापरण्याच्या पर्यायावर खूण राहिलेली नाही ना, हे पाहावे. राहिली तर धूसर फिल्म गिऱ्हाइकाच्या हाती पडेल.

४) सिनेमाची गाणी कंपन्यांच्या मालकीची असतात. दुकानाच्या जाहिरातीत ती वापरली तर व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच काढला जातो. परवानगी असलेले संगीत घ्यावे, नाहीतर सरळ स्वतःच्या आवाजात मालाची माहिती सांगावी.

५) सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. लग्नघराने कॅमेरावाल्याला आत घेतले ते विश्वासावर. बायका-मुलींच्या मंडपातील चित्रण न विचारता रीलमध्ये टाकणे हा त्या विश्वासाचा भंग आहे. पूर्वी कॅसेट घरच्या कपाटात राहत असे. आज बोट लागताच ती गावभर आणि परदेशापर्यंत जाते आणि मागे घेता येत नाही. पावतीवरच दोन ओळी छापाव्यात : कोणता भाग सार्वजनिक करायचा आणि कोणता नाही, आणि खाली घरमालकाची सही घ्यावी. नक्कल दुसऱ्याकडे संकलनासाठी देतानाही घरमालकाला आधी विचारावे आणि काम होताच ती पुसून घ्यावी. असे करणाऱ्याला कदाचित चार रील कमी मिळतील, पण पुढच्या लग्नाला बोलावणे त्यालाच येईल.

तेव्हा तरुण बांधवांनी नवा संगणक घेण्याआधी महिनाभर जुन्यावरच ही पद्धत वापरून पाहावी. एक लहान शूटिंग घ्यावे, प्रॉक्सी करावी, त्यातून एक आडवी फिल्म आणि एक उभी रील काढावी. काम खरोखरच अडले तर यंत्र घ्यावे. पण ते कमाईतून घ्यावे, कर्जातून नव्हे. आणि आपण दुकानदारांनीही जाहिरातीचे काम शहराकडे पाठवण्याआधी आपल्याच गावातील मुलाला एकदा विचारावे. त्याला चार कामे मिळाली तर त्याचे हुन्नर वाढेल आणि आपला माल त्याच्या डोळ्यांनी लोकांना दिसेल.