पाच वर्षांचा परवाना

"मामा, खाली जा, 'मान्य' दाब आणि पुढे चल," भाचा म्हणाला. २०१३ चा पावसाळा, विरारचे घर. सकाळी त्याचे कॉलेजात प्रात्यक्षिक होते आणि मी त्याच्या संगणकावर सायलॅब बसवत होतो. पवईच्या आयआयटीतल्या 'फॉसी' प्रकल्पाने हे गणिती सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या मुलांपर्यंत पोचवले होते. काही लोक सातबारा जसा ओळ न ओळ वाचतात, तसे मला परवाने वाचायची जुनी सवय. मुक्त सॉफ्टवेअरचा नेहमीचा परवाना जीपीएल, तोच असणार असे धरून वाचत गेलो, तर हा कागद वेगळाच निघाला. तेराव्या कलमात लिहिले होते की या कराराला फ्रेंच कायदा लागू राहील आणि तंटा दोन महिन्यांत सामोपचाराने मिटला नाही, तर तो पॅरिसच्या न्यायालयात जाईल.

भाचा झोपला. मी तो परवाना छापून घेतला. तो कागद अजून माझ्या फायलीत आहे.

त्या परवान्याचे नाव सेसिल. सीईए, सीएनआरएस आणि इन्रिया या तीन फ्रेंच सरकारी संशोधन संस्थांनी २००४ मध्ये तो तयार केला. फ्रेंच आणि इंग्रजी असे दोन पाठ, दोन्ही सारखेच अधिकृत. जीपीएल जगभर चालत असताना फ्रेंचांनी वेगळी चूल का मांडली? मला आधी तो भाषेचा अभिमान वाटला. उत्तर मात्र त्यांच्या बौद्धिक संपदा संहितेत, एल. १३१-३ या कलमात होते. लेखक आपला हक्क दुसऱ्याला देतो तेव्हा कोणकोणते हक्क, कशासाठी, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ, हे सगळे स्वतंत्रपणे नोंदवलेच पाहिजे, असे ते कलम सांगते. १९९१ च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत मुदतीचा उल्लेखच नाही. जगभर लागू, असेही कुठे म्हटलेले नाही. सेसिलने या दोन्ही गोष्टी कलम २ मध्येच लिहून टाकल्या: परवाना साऱ्या जगासाठी, आणि हक्कांना कायद्याचे संरक्षण असेल तितका सगळा काळ.

मग आपला कॉपीराइट कायदा, १९५७ काढून बसलो आणि कलम १९ पाशी थबकलो. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात आलेली पोटकलमे जवळजवळ त्या फ्रेंच कलमाची सख्खी भावंडे आहेत. हक्क देताना कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, हे लिहा. पुढची पायरी आणखी कडक आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानायची. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजायचा. हे नियम हक्क दुसऱ्याच्या नावे करून देण्याबद्दल आहेत, साध्या परवान्याशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण कलम ३०क त्यांना आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लावते.

म्हणजे लिनक्सचा गाभा जीपीएलच्या ज्या दुसऱ्या आवृत्तीवर उभा आहे, तो परवाना भारतीय कायद्याच्या अक्षरानुसार पाच वर्षांचा ठरू शकतो. आणि भाच्याने मला पटकन पार करायला सांगितलेला फ्रेंच कागद आपल्या कलम १९ मध्ये चपखल बसतो.

ही पोटकलमे वाईट नाहीत. ती लेखकाच्या बाजूची आहेत. किरकोळ रकमेवर पुस्तकाचे सगळे हक्क कायमचे लिहून देणाऱ्या माणसाला ती वाचवतात आणि मराठी लेखकाला त्यांची गरज आजही आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे: अडलेला लेखक आणि सबळ प्रकाशक. आपण होऊन, साऱ्या जगाला, कायमचे देऊन टाकणारा लेखक त्या चित्रात नाही. जो रक्षणासाठी कायद्याकडे आलेलाच नाही, त्याच्या दानाला कायदा मुदत घालतो.

बचावाच्या वाटा आहेत. जीपीएलच्या सहाव्या कलमानुसार प्रत प्रत्येक नव्या हाती जाते तेव्हा मूळ लेखकाकडून आपोआप नवा परवाना मिळतो. म्हणून पाच वर्षेही दरवेळी नव्याने मोजावीत, असे म्हणता येईल. 'आवश्यक त्या फेरफारांसह' या शब्दांतही न्यायाधीशाला जागा आहे. मला हे युक्तिवाद पटतात. पण लाखो यंत्रे ज्यावर चालतात तो आधार युक्तिवादावर सोडू नये.

सहीचाही प्रश्न होता. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने विरारजवळच्याच वसईत एका तहावर सही केली आणि मराठी राज्याचे पुढे काय झाले, ते आपण शाळेत शिकलो. सहीचे वजन वसईकराला माहीत आहे. २०१२ पर्यंत आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना लेखी आणि सही केलेला लागत असे. मुक्त सॉफ्टवेअरवर सही कोण करतो? त्या वर्षीच्या दुरुस्तीने सहीची अट गेली, लेखी असणे पुरेसे झाले. फारसा गाजावाजा न होता झालेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

न्यायालयांचे म्हणाल, तर २००४ मध्ये म्यूनिकच्या न्यायालयाने हाराल्ड वेल्टे या प्रोग्रामरच्या बाजूने जीपीएल ग्राह्य धरला. फ्रान्समधला खटला अधिक बोलका आहे. आँत्रूव्हेर या छोट्या सहकारी कंपनीचे जीपीएलखालचे 'लासो' हे सॉफ्टवेअर ऑरेंज या दूरसंचार कंपनीने सरकारी पोर्टलच्या कामात वापरले. दावा २०११ चा. परवाना मोडणे हा करारभंग की कॉपीराइटचे उल्लंघन, यातच वर्षे गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी करारभंग म्हटले. ५ ऑक्टोबर २०२२ ला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा तो निकाल रद्द केला. १४ फेब्रुवारी २०२४ ला पॅरिसच्या अपील न्यायालयाने उल्लंघन मान्य केले आणि एकूण ८ लाख युरोंची भरपाई दिली. त्यातले दीड लाख नैतिक हानीचे आहेत, आणि तो आकडा मला सगळ्यांत जास्त आवडतो.

एकच परवाना साऱ्या जगात चालावा म्हणून दोन रस्ते काढले गेले. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने देशोदेशीच्या कायद्यांत परवाने उतरवले. त्यांची भारतीय शाखा २६ जानेवारी २००७ ला आयआयटी मुंबईतच, प्रा. शिशिर झा यांच्या पुढाकाराने सुरू झाली. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून मात्र हे देशी अवतार थांबले. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने दुसरा रस्ता धरला. तिच्या मसुद्यावर ऑगस्ट २००६ मध्ये बंगळूरलाही परिषद झाली. 'वितरण' या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो म्हणून तो टाळून त्यांनी स्वतःचे शब्द घडवले आणि मुदतही लिहिली: कॉपीराइट असेल तोवर. माझ्या मते हीच वाट बरोबर होती. प्रदेश तेवढा तिथेही लिहायचा राहिला.

सायलॅबने २०१७ मध्ये सहाव्या आवृत्तीसोबत सेसिल सोडून जीपीएल घेतला, तोही दुसऱ्या आवृत्तीचा. मुदत आणि प्रदेश दोन्ही सांगणारा परवाना गेला, दोन्ही न सांगणारा आला.

जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी आज्ञावली मी एका छापखान्यासाठी लिहिली होती. ती आता जीपीएलखाली खुली केली आहे. उद्या ती कोणी कुलूपबंद केली, तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे मी राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. पॅरिसला जायला नको. फाइलच्या माथ्यावर परवान्याच्या खाली मी मराठीत एक ओळ जोडली आहे: 'हा परवाना साऱ्या जगासाठी आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी दिला आहे.' त्याखाली नाव, तारीख आणि गावाचे नाव. कायदा आता मागत नसला तरी छापील प्रतीवर सहीसुद्धा केली.