विवाहापूर्वीची एक रक्ततपासणी: अल्प खर्च आणि आयुष्यभराचा खर्च



देवळाली प्रवरा येथील एखादे कष्टकरी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. घरात दीड वर्षाचे मूल आहे. ते पांढरेफटक पडत चालले आहे, दूध घेत नाही, पोट मात्र वाढलेले दिसते. गावातील डॉक्टर राहुरीला पाठवितात, राहुरीहून नगरला अथवा लोणीला जावे लागते आणि शेवटी निदान होते: थॅलेसेमिया मेजर. त्या दिवसापासून कुटुंबाची दिनदर्शिका बदलते. दर दोन ते चार आठवड्यांनी मुलाला रक्त चढविणे हा त्या घराचा नियम होऊन बसतो.

शासकीय धोरणानुसार अशा रुग्णांना रक्त विनामूल्य मिळते, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि रक्त विनामूल्य मिळाले म्हणजे उपचार विनामूल्य झाला असे नव्हे. एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेल्या दुसऱ्या मुलांची आबाळ, यांचा हिशेब कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नाही. शिवाय रक्तासोबत लोह शरीरात येते. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळते, तर शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकते. उरलेले लोह हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत साचते. ते बाहेर काढणारी औषधे घेतली नाहीत, तर रक्त मिळूनही मूल तरुणपणीच दगावते. ही औषधे रोज व आयुष्यभर घ्यावी लागतात.

आजार येतो कोठून?

थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही आजार आईवडिलांकडून येतात. ते संसर्गाने पसरत नाहीत. ज्याच्याकडे सदोष जनुक एकच असते, त्याला वाहक म्हणतात. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेतात राबतो, शिकतो, सर्वसाधारण आयुष्य जगतो. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तरच प्रश्न उद्भवतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही.

भारतात सरासरी १०० पैकी ३ ते ४ व्यक्ती थॅलेसेमियाच्या वाहक आहेत आणि दरवर्षी सुमारे १०,००० बालके हा आजार घेऊन जन्मतात, असे मानले जाते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आढळते. सिकलसेलचा शोध भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लागला. आपल्या राज्यात विदर्भ व नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तरीही 'हा अमक्या समाजाचा आजार' असे म्हणणे चुकीचे होय. ऊसतोडणीच्या हंगामात, नोकरीनिमित्ताने आणि विवाहसंबंधांतून माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत मिसळत आहेत. त्यातच आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल आहे. एकाच घराण्यातील दोघांत तेच जनुक असण्याची शक्यता साहजिकच वाढते.

हिशेब मांडून पाहू

तपासणीचा खर्च परवडतो का, हा प्रश्न शासनापुढे आणि समाजापुढेही आहे. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. समजा, एका तपासणीस ५०० रुपये लागतात. एका रुग्ण बालकाच्या उपचारास वर्षाला १ लाख, म्हणजे २५ वर्षांत २५ लाख रुपये लागतात. आपण १०,००० जोडप्यांचा विचार करू आणि प्रत्येकास दोन अपत्ये होतील असे मानू. आधी जोडप्यातील एकाचीच तपासणी करावी. तो वाहक निघाला तरच दुसऱ्याची करावी.

समाजात वाहकांचे प्रमाण १०० पैकी ४ असेल, तर पहिल्या फेरीत ४०० वाहक सापडतील. त्यांच्या जोडीदारांची तपासणी केल्यावर दोघेही वाहक असलेली १६ जोडपी निघतील. त्यांच्या ३२ अपत्यांपैकी सरासरी ८ रुग्ण असतील. एकूण १०,४०० तपासण्यांचा खर्च ५२ लाख रुपये. ८ बालकांच्या उपचारांचा खर्च २ कोटी रुपये.

प्रमाण १०० पैकी १५ असेल, तर खर्च ५७ लाख ५० हजारांपर्यंत वाढतो. परंतु धोक्यातील जोडपी २२५ निघतात, रुग्ण बालके सुमारे ११२ होतात आणि उपचारांचा खर्च २८ कोटींवर जातो.

याउलट प्रमाण १०० पैकी १ असेल, तर साडेपन्नास लाख खर्चून एकच जोडपे सापडते आणि वाचणारा उपचारखर्च सरासरी साडेबारा लाखांचा असतो. येथे केवळ पैशाचा हिशेब तपासणीच्या विरुद्ध जातो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. जेथे प्रमाण अधिक आहे तेथे तपासणी प्रथम पोहोचली पाहिजे. तसेच पहिली पायरी जितकी स्वस्त, तितकी ती अधिकांना परवडते. साध्या सी.बी.सी. तपासणीत तांबड्या पेशींचा आकार लहान दिसला, तर पुढील एच.पी.एल.सी. तपासणी करावी. पेशी लहान असण्याचे कारण लोहाची कमतरताही असू शकते, म्हणून पहिल्याच अहवालावरून घाबरून जाऊ नये. सिकलसेलचा वाहक मात्र सी.बी.सी.त बहुधा दिसत नाही; त्यासाठी विद्राव्यता चाचणी अथवा थेट एच.पी.एल.सी. करावी लागते.

सायप्रसचा अनुभव

सायप्रस या छोट्या बेटावर सुमारे सातांत एक व्यक्ती थॅलेसेमियाची वाहक आहे. उपचार सुधारले, मुले जगू लागली आणि १९७० च्या दशकात तेथील शासनाच्या लक्षात आले की, असेच चालू राहिले तर देशाचे रक्त आणि आरोग्याचा निधी या एकाच आजारास पुरणार नाही. व्यापक तपासणी सुरू झाली. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने १९८३ पासून विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागण्यास आरंभ केला. त्या प्रमाणपत्राने विवाहास मनाई होत नाही; वधूवरांची तपासणी व समुपदेशन झाले आहे एवढेच ते सांगते.

पुढे तेथे रुग्ण बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात गर्भावस्थेतील निदान व गर्भपात यांचा वाटा फार मोठा होता. हा मार्ग कॅथोलिक ख्रिस्तसभा स्वीकारू शकत नाही. गर्भातील आजारी बालक हेही बालकच होय. नेमक्या याच कारणासाठी आपल्यावर अधिक जबाबदारी येते. गर्भ राहिल्यावर कळले तर मार्ग खुंटतात; विवाह ठरण्यापूर्वी कळले तर निर्णय मोकळ्या मनाने घेता येतो. साखरपुडा झाल्यावर अहवाल हाती येणे म्हणजे मुलीच्या वाट्याला बदनामी येणे होय. यास्तव तपासणीची खरी वेळ स्थळे पाहण्यापूर्वीची, महाविद्यालयात असतानाची आहे.

तपासणीची दुसरी किंमत

अमेरिकेत १९७० च्या दशकात सिकलसेलची तपासणी घाईने झाली. वाहक आणि रुग्ण यांतील भेद लोकांना नीट समजावला गेला नाही आणि अनेक निरोगी वाहकांना नोकरी व विम्यात पक्षपात सोसावा लागला. समुपदेशनाविना तपासणी केली तर पैसे वाचतात, पण माणसे दुखावतात. अहवाल गोपनीय राहिला पाहिजे. वाहक असणे हा विवाहातील अडथळा नव्हे आणि कोणाचा दोषही नव्हे.

तपासणी आणि उपचार यांना परस्परांचे शत्रू मानणे हीदेखील चूक होय. सिकलसेलच्या बालकाचे निदान जन्मतःच झाले, तर पेनिसिलिनसारख्या स्वस्त औषधाने जीवघेणा संसर्ग टळतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. हायड्रॉक्सियुरियामुळे वेदनांचे झटके कमी होतात. म्हणजे वेळेवर झालेली तपासणी उपचारही स्वस्त करते. दुसरीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुकीय उपचाराची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. आपल्या गावकऱ्यांना तो कधी परवडणार?

शासनाने काही पावले उचलली आहेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये थॅलेसेमिया, सिकलसेल व हिमोफिलिया यांचा समावेश झाला. कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून २०१७ पासून अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत साहाय्य मिळू लागले. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे लक्ष्य ठरले.

आपण काय करू शकतो? विवाहपूर्व तयारीच्या वर्गात या विषयास एक तास द्यावा. तरुण-तरुणींनी तपासणी करून घ्यावी. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढविले असल्यास तसे आधी सांगावे. ज्या घरात रुग्ण बालक आहे, त्या घराच्या नातेवाइकांनी तर अवश्य करावी. आणि जे मूल आज रक्ताची वाट पाहत आहे, त्याच्यासाठी नियमित रक्तदान करावे. उद्याचे दुःख टाळण्याचा हिशेब मांडताना आजच्या मुलाला आपण खर्चाच्या रकान्यात टाकू नये.