भूगोलाचे एम्. ए.

रायपूरच्या रेल्वे स्थानकामागे, रुळांच्या पलीकडच्या अंगाला, गुढ़ियारी नावाची वस्ती आहे. नाव ऐकताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गुढी उभी राहते. परंतु येथे उभ्या दिसतात त्या घाऊक बाजारातील पोत्यांच्या थप्प्या. या वस्तीत माझे बिऱ्हाड आहे. नोकरी महसूल खात्यातली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी रजा काढून मी भूगोलाचे एम्. ए. करावयास निघालो, तेव्हा कचेरीतील एका वडीलधाऱ्या मराठी सहकाऱ्यांनी विचारले, "आता या वयात देशांच्या राजधान्या पाठ करणार की काय?"

त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. शाळेत आपण सर्वांनी भूगोल पाठच केलेला असतो. पदव्युत्तर वर्गात मात्र एकच प्रश्न निरनिराळ्या अंगांनी विचारला जातो : अमुक गोष्ट येथेच का, तेथे का नाही? त्याचे उत्तर कधी खडकात सापडते, कधी पावसात, कधी बाजारभावात. म्हणूनच या विषयाची जात ठरविणे कठीण जाते. पुणे विद्यापीठात तो एम्. ए. म्हणूनही घेता येतो आणि एम्. एस्सी. म्हणूनही. भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, आर्थिक भूगोल, भौगोलिक विचारांचा इतिहास, संख्याशास्त्राची तोंडओळख, उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमांचे वाचन, अशी विषयांची यादी लांबलचक आहे; ती वाचून दाखविण्यात मी आपला वेळ घेणार नाही. एवढेच सांगतो की, निम्मा अभ्यास हातांनी आणि पायांनी करावा लागतो. ज्यांना केवळ पुस्तके वाचून पदवी हवी असेल त्यांनी दुसरा विषय पाहावा.

पहिल्याच सत्रात आम्हांला आपापल्या वस्तीचा नकाशा अभ्यासावयास सांगितले. मी भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थलदर्शक पत्रे मिळविली. जुन्या क्रमांकपद्धतीत ६४ जी या पत्राच्या १ ते १६ अशा उपपत्रांपैकी ११ आणि १२ ही दोन रायपूरला लागतात. कारण २१ अंश १५ मिनिटांचे अक्षवृत्त शहराच्या मधून जाते. रेल्वे स्थानक आणि गुढ़ियारी एका पत्रावर, तर बूढ़ा तालाब दुसऱ्यावर! या नकाशाचे प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे अर्धा किलोमीटर जमीन एका सेंटिमीटरात बसविलेली. समोच्चरेषा वीस वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या. आमच्या सपाट वस्तीची चढउतार त्या दोन रेषांच्या मध्येच हरवून जाते. पण पावसाचे पाणी घरात शिरावयास वीस सेंटिमीटर पुरतात. तेव्हा डम्पी लेव्हल खांद्यावर घेऊन गल्ल्या पालथ्या घालाव्या लागल्या. ज्या रस्त्याने मी रोज कचेरीत जात असे त्याला उतार आहे, हे मला त्या वेळी प्रथम कळले. घाऊक बाजार येथे का, याचाही उलगडा रुळांकडे पाहून होऊ लागला. नागपूरहून निघालेला लोहमार्ग १८८२ साली राजनांदगावपर्यंत आला, आणि बंगाल-नागपूर रेल्वेने तो पुढे नेऊन १८९१ मध्ये आसनसोलशी जोडला. माल जेथे उतरतो त्याच्या आसपास वखारी उभ्या राहतात.

परंतु या अभ्यासाने मला खरा हादरा दिला तो शेतजमिनीच्या बाबतीत. छत्तीसगडच्या महसुली कागदांत जमिनीच्या चार जाती येतात : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भंडारा-गोंदियाकडील श्रोत्यांना कन्हार, मोरांड, सिहार, बरडी ही नावे परिचित असतील; त्यांच्याच कुळातली ही. अनेक वर्षे मी हे शब्द रकान्यांतून वाचीत आलो होतो. ही चार नावे म्हणजे एका जिन्याच्या चार पायऱ्या आहेत, हे मात्र ध्यानात आले नव्हते. सर्वांत वर भाठा, तांबडी, खडेदार, पाणी न धरणारी; तेथे कोदो-कुटकी पिकते. त्याखाली पिवळसर मटासी, मग डोरसा, आणि तळाशी काळी, चिकण कन्हार, जिच्यात उभ्या भातातच लाखोळी फेकून दुसरे पीक काढतात. वरच्या पायरीवरची बारीक माती पाण्याबरोबर शतकानुशतके खाली उतरत आली, त्याचा हा परिणाम. १९३०च्या दशकात जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत हाच क्रम पाहिला आणि त्याला 'कॅटेना', म्हणजे साखळी, हे नाव दिले. आमच्या शेतकऱ्याने त्यातील प्रत्येक कडीला केव्हाच नाव देऊन ठेवले होते.

हे वर्गात ऐकत असताना मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मान खाली गेली. नोकरीच्या आरंभीच्या दिवसांत, पाऊस लवकर उघडलेल्या एका वर्षी, एका गावाची नजर-अनावारी मी केली होती. महाराष्ट्रात जिला आणेवारी म्हणत, आणि आता पैसेवारी म्हणतात, तीच ही. मी तलावाच्या पाळीखालून फिरलो, भात बरे दिसले, आणि गावाचा आकडा बरा टाकला. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध शेतकरी कचेरीत आला. साहेब भाठ्याकडे गेले होते काय, एवढेच त्याने विचारले. मी गेलो नव्हतो. गावाचा आकडा एकच, आणि तो मी जिन्याच्या तळाशी उभे राहून ठरविला होता. तो बदलला नाही. ज्यांची शेते वरच्या पायरीवर होती त्यांना त्या वर्षी काही मिळाले नाही.

शेवटच्या सत्रात लघुप्रबंधासाठी गाव निवडावयाचे होते, तेव्हा मी तेच निवडले. रायपूरच्या रविशंकर विद्यापीठात, जे १९६४ साली सुरू झाले, भूगोलाची स्वतंत्र अध्ययनशाला आहे. तिच्याप्रमाणेच इतरत्रही असे क्षेत्रकार्य करावे लागते. प्रवेशाचे नियम मात्र विद्यापीठागणिक निराळे असतात, ते इच्छुकांनी आधी पाहून घ्यावेत. मी वरपासून खालपर्यंत एक सरळ रेषा आखली, ठराविक अंतरावर खड्डे खणून माती पाहिली, उंची मोजली, आणि चार रंगांचा नकाशा तयार केला. तो वृद्ध गृहस्थ आता हयात नव्हता. त्याच्या मुलाला मी नकाशा दाखविला. त्याने तो जमिनीवर पसरून उलटा फिरविला, कारण त्याच्या घरून गाव तसे दिसते. मग मटासी आणि डोरसा यांच्यामधील रेषेवर बोट ठेवून तो म्हणाला की ती दोन खेते वर हवी. तेथे दरवर्षी पाणी उशिरा आटते. आम्ही दोघे तेथवर चालत गेलो, खड्डा खणला, आणि परत येऊन मी ती रेषा खोडली.